मामंजींनी बसवलेला देव

माझं माहेर कडा नावाच्या गावाकडचं. सपाट मुलूख. नजर पोचेल तिथवर रान आणि झाड म्हणून बघायला बांधावरची बाभूळ. पलीकडं थोड्या अंतरावर इंग्रजी हद्द लागायची, अलीकडं आमची मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. तिथून मला दिलं ते लिंबागणेशच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका लहानशा गावात. वरातीची गाडी डोंगरात शिरली तशी मी रडायला लागले. बरोबरच्या बायकांना वाटलं, माहेर सुटलं म्हणून रडते. मी रडत होते चिडून. एवढे दगड, एवढा चढउतार, आणि जरा खाली उतरले तर नव्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत कुसळं. असल्या ठिकाणी बापानं मला दिलीच कशी, हा राग मला पुढं वर्षभर पुरला.

घर लिंगायत वाण्याचं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि मांसामटणाचं नावसुद्धा घरात निघायचं नाही. पुढच्या बाजूला किराणा दुकान, मागं राहणं, गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याला शेत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. राहिलो आम्ही तिघं: मामंजी म्हणजे माझे सासरे, माझे मालक आणि मी.

त्या काळी सुनेनं सासऱ्याशी तोंड वर करून बोलायची रीत नव्हती. मध्ये सासू असली की तिच्या हाती निरोप जायचा. मला ती सोय नव्हती. मग मी गोठ्यातल्या वासराशी बोलायचे. 'अगं बाई, कुणाला तरी सांग, भाकरी निवायलीय,' असं मी वासराच्या कानाशी म्हणायचे, की पलीकडं बसलेले मामंजी हात धुवायला उठायचे. त्यांना असली बंधनं नव्हती. ते मला सरळ 'पोरी' म्हणायचे, आणि चिडले की 'कड्याची पोर'. चिडायचे लई. मीही काही कमी नव्हते. आमचं भांडण लागलं की बिचारं वासरू मध्ये उभं राहून कान हलवायचं.

शेताच्या वर डोंगराचा एक उतार होता. गावाचं गायरान ते, पण राखायचे मामंजी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उताराच्या पोटात दोन मोठ्या जांभळी होत्या, आणि त्यांच्या मुळ्यांतून एक झिरा निघायचा. ते पाणी खाली आमच्या बारवेत आणि तिथून गावाच्या आडात उतरतं, असं मामंजींचं ठाम म्हणणं. वरचं गवत गेलं की खालचं पाणी गेलं म्हणून समजा, हे ते मीठ तोलता तोलता गिऱ्हाइकालाही ऐकवायचे. गिऱ्हाईक मान डोलवायचं, कारण त्याला मीठ हवं असायचं.

दुपारी जेवण झालं की दुकान मालकांवर टाकायचं आणि काठी घेऊन निघायचं. त्यांचे गुडघे धरायचे, म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन मी मागं. माझ्या मागं वासरू, कारण बोलायला कुणीतरी पाहिजे. सुरुवातीला मी पाय आपटत जायचे. घरात काम काय थोडं होतं? पण मामंजी थांबून काठीनं एकेक गवत दाखवायचे. हा पवन्या, हा मारवेल, हा शेडा. कुसळीला मी शिव्या घातल्या की म्हणायचे, तिला बोलू नको, कसल्याही पावसात माती तीच धरून बसते. गवताचं बी गळून खाली पडल्याबिगर विळा लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. दसऱ्याआधी कुणी भारा बांधताना दिसला तर काठी उगारून धावायचे, गुडघेबिडघे सगळं विसरून.

सीताफळाच्या दिवसांत आणखी एक उद्योग. खाल्लेल्या फळांच्या बिया धोतराच्या सोग्यात बांधून घ्यायच्या. मोकळी जागा दिसली की काठीनं भोक पाडायचं, बी टाकायची आणि मला म्हणायचं, दाब. मी टाचेनं दाबायचे. पावसाच्या पाण्यानं पडलेल्या घळीत दगड रचायचे, म्हणजे वाहून चाललेली माती तिथं अडते. ते दगड मी उचलायचे आणि वासराला ऐकवायचे, की वाण्याच्या घरात दिली होती मला, वडाराच्या नव्हे. मामंजी पाठ करून हसायचे. त्यांचे खांदे हललेले मला मागून दिसायचे.

हे सगळं मला आवडायला कधी लागलं ते कळलंच नाही. एकदा मामंजींनी चालता चालता हात आडवा केला. पुढं गवतातून तितराची मादी निघाली, मागं तिची पिल्लं, सुपारीएवढी. ती पायवाट ओलांडून जाईपर्यंत आम्ही उभे, वासरूसुद्धा उभं. घरी आल्यावर मालकांनी विचारलं, आज भांडण नाही वाटतं. मी आता म्हातारी झाले, नातवंडं पाहिली, पण सुख म्हणून कुणी विचारलं तर मला त्या उतारावरच्या दुपारीच आठवतात. दुसरं काही आठवत नाही, त्याला मी काय करू?

मग कोळशाचा गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार आला. शेजारच्या डोंगरांचा गुत्ता त्यानं घेतला होता. भट्ट्या लागल्या, आणि वाळत घातलेल्या धोतरांना धुराचा वास यायला लागला. आमचा उतार त्याच्या गुत्त्यात नव्हता, पण तोडणाऱ्या माणसाला हद्द कोण दाखवणार? पलीकडचा डोंगर संपत आला तसे त्याचे लाकूडतोडे आमच्या बाजूला बघायला लागले. मामंजी पाटलांकडं जाऊन आले. पाटील म्हणाले, बघू. मामंजी घरी आले ते जेवलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानातून शेंदराची पुडी काढली, वाटीत तेल घेतलं आणि मला चल म्हणाले. जांभळीखाली एक कमरेएवढा उभा दगड होता. त्याला त्यांनी वरून खालपर्यंत शेंदूर माखला. मी बघतच राहिले. हा माणूस गळ्यातल्या लिंगाशिवाय कुठं हात जोडत नव्हता, वाटेत मारुती दिसला तरी नुसता रामराम करून पुढं जाणारा. मी वासराला म्हटलं, हे काय चाललंय ते विचार बाई.

"कुऱ्हाड एवढ्यालाच भेती," मामंजी म्हणाले, आणि शेंदराचे हात गवताला पुसले.

मग आम्हाला दोघांनाही हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला. कुणाला बोलायचं नाही, असं त्यांनी मला आणि वासराला बजावलं.

उपाय लागू पडला. लाकूडतोडे आले, जांभळीपाशी थबकले, चपला काढल्या, आणि त्यातल्या एकानं नारळसुद्धा फोडला. मग ते वळसा घालून दुसऱ्या अंगाला निघून गेले. आम्ही शेतातून बघत होतो. मामंजींचा आनंद पोटात मावेना. त्या दिवशी दुकानात येईल त्या पोराच्या हातावर ते गूळ ठेवत होते.

पण देव म्हणजे काही बुजगावणं नव्हे, की उभं केलं आणि काम झाल्यावर उपटलं. नारळ फोडणाऱ्या त्या लाकूडतोड्याचं पोर तापानं फणफणलं होतं, ते त्याच आठवड्यात उठून बसलं. झालं. जांभळीचा देव पावतो म्हणून बोभाटा झाला. कुणाची म्हैस सापडली, कुणाच्या सुनेला दिवस गेले. मांजरसुंब्याकडून गाड्या यायला लागल्या, पुढं तर माझ्या माहेराकडूनही. आणि नवस फेडायचा म्हणजे आमच्याकडं कंदुरी. देवापुढं बोकड कापायचं, तिथंच शिजवायचं, तिथंच पंगत बसवायची, उरलेलं घरी न्यायचं नाही. लिंगायत वाण्यानं बसवलेला देव, आणि त्याच्यापुढं रक्ताचा सडा! मामंजी नाकाला उपरणं लावून बसायचे.

त्याहून वाईट होतं ते जळण. एवढ्या चुलींना लाकूड कुठलं? उतारावरचं. देवाच्या कामाला देवाचं लाकूड, त्यात पाप कसलं, असं लोक म्हणायचे. धावडा गेला, आपटे गेले. आम्ही दाबलेल्या बियांची सीताफळं गुडघ्याएवढी झाली होती, ती चुलीत गेली. गाड्यांचे बैल गवत बी धरायच्या आधीच खाऊन टाकायचे. ज्या गुत्तेदाराला भिऊन हे केलं, त्यानं एवढं नुकसान केलं नसतं. पुढच्या पावसाळ्यात रचलेले दगड वाहून गेले आणि वरची माती गोट्यांसकट आमच्या शेतात येऊन पडली. उन्हाळ्यात झिरा मुळ्यांपाशी नुसता ओला राहिला. तितरं केव्हाच गेली होती. हाडकांवर कावळे तेवढे राहिले.

दुकान मात्र जोरात चाललं. नारळ, गुलाल, तेल, मिरची. शेंदूरही आमच्याच दुकानातून जायचा. मालकांना आतली गोष्ट ठाऊक नव्हती. ते म्हणायचे, देवानं आपल्याच शेताच्या वर येऊन बसावं, याला नशीब लागतं. मी परातीत पीठ जोरानं आपटायचे. दुसरं काय करणार?

शेवटी पाटलांच्या ओट्यावर ठरलं, की देवाला चौथरा बांधायचा, वर मंडप घालायचा, आणि गाड्या लावायला जागा मोकळी करायची. मंडपाला खांब म्हणून त्या दोन जांभळी तोडायच्या. येत्या अमावस्येला देवाची पूजा करून कुऱ्हाड लावायची. हे ऐकलं आणि मामंजी तसेच, डोक्याला काही न बांधता, ओट्यावर गेले. भर बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, की हा देव नाही, दगड आहे, शेंदूर मी लावला, झाडं वाचावीत म्हणून लावला. मालक तिथंच बसले होते. त्यांनी घरी येऊन मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पाटील रागावले नाहीत म्हणे. उलट उठून त्यांनी मामंजींना हाताला धरून आपल्याजवळ बसवलं.

"अप्पा, तुमच्या हातून त्यानंच लावून घेतला," पाटील म्हणाले. "न्हाईतर गळ्यात लिंग आसनाऱ्या माणसाला दगडाला शेंदूर फासायची बुद्धी झालीच कावून?"

सगळ्यांना ते पटलं. अमावस्येच्या पूजेचा पहिला मान मामंजींना द्यायचा, असंही तिथल्या तिथं ठरलं.

मामंजी घरी येऊन खाटेवर बसले ते बसलेच. दुपारी काठी घेतली नाही. मी तांब्या भरून दाराशी उभी राहिले, मग रागानं ओतून टाकला. वासराची तोवर चांगली कालवड झाली होती. तिला म्हटलं, असं हातपाय गाळून बसलं तर झाडं राहतील का, विचार जरा. मामंजी हळूच म्हणाले, "पोरी, पाटलाचं म्हननं खरं तर नसंल?"

मला तेव्हा त्यांची भीतीच वाटली. आपल्या हातानं शेंदूर लावलेला, आपल्या तोंडानं हसलेला माणूस. पण सगळं गाव एका बाजूला आणि आपण एकटे एका बाजूला असलो, की माणसाला स्वतःच्या डोळ्यांचाही भरवसा वाटेनासा होतो.

अमावस्येला दुपारी सगळा गाव उतारावर. मी बायकांच्या घोळक्यात. हलगी वाजत होती, दोघीतिघींच्या अंगात आलं होतं, त्या घुमत होत्या. जांभळीच्या बुंध्याशी कुऱ्हाडी ओळीनं मांडल्या होत्या आणि त्यांना हळदकुंकू लावलं होतं. ते कुंकू बघितलं आणि माझं डोकं फिरलं. कुऱ्हाडीची पूजा करतात, आणि ज्या झाडानं गावाला पाणी पाजलं त्याला तोडायला निघालेत. एक सांगते, माझ्या अंगात काही आलं नव्हतं. मला राग आला होता.

मी अंबाडा सोडला, केस मोकळे केले आणि घुमत घुमत बायकांतून बाहेर आले. वाण्याची सून, कधी मोठ्यानं न बोललेली. हलगीवाल्याचा हात थांबला. मी जांभळीला पाठ लावून उभी राहिले.

"काय बे पाटला," मी म्हणाले, "माझ्या घरात चूल घालून मलाच धूर देतूस?"

आजवर मी पाटलांपुढून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायचे. ते पाटील फेटा काढून मातीत बसले. देवा चुकलं, काय करावं सांगा, म्हणाले. मग मी सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर काय राहतंय! ह्या झाडात मी आहे, पाण्यात मी आहे, कुऱ्हाड कुणावर उचलता? डोंगरावर पेटती काडी आणायची नाही. गाडी पायथ्याला सोडायची. बोकड मला नको, ज्याला खायचंय त्यानं नदीच्या काठाला जाऊन खावं. गवताचं बी पडल्याबिगर विळा नको. आणि नवस फेडायचा असेल तर पायथ्याची पाटीभर माती आणि एक दगड डोक्यावर वर आणायचा आणि घळीत टाकायचा. माझी वाहून गेलेली माती मला परत द्यायची. हे सगळं मामंजींचंच होतं, एकेक शब्द, मी नुसती वरच्या पट्टीत बोलत होते.

बोलता बोलता मी त्यांना शोधलं. ते मागं काठीवर रेलून उभे होते. मला वाटलं होतं, त्यांना कळेल. ते पाठ फिरवतील आणि त्यांचे खांदे हलतील. खरं सांगायचं तर निम्मं सोंग मी त्यांना हसवायलाच केलं होतं. ते पुढं आले. काठी बाजूला ठेवली, ते दुखरे गुडघे टेकले आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. माझी पावलं ओली झाली. मला वाकून त्यांना उठवायचं होतं, पण वाकले असते तर सगळंच गेलं असतं. मी तशीच उभी राहिले.

जांभळी राहिल्या. कुऱ्हाडी परत गेल्या. लोक कुरकुरत का होईना, पाट्या डोक्यावर घेऊन चढायला लागले. मालकांनी दुकानात बुरुडाच्या पाट्या विकायला ठेवल्या, त्यांचं डोकं जागेवर शाबूत होतं. दोन पावसाळ्यांत घळी बुजत आल्या, गवत पुन्हा मांडीला लागलं आणि झिरा वाहता झाला. केलं त्याचा मला पस्तावा नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

मालक काही दिवस मला भाकरी वाढ म्हणतानाही बिचकायचे. मग विसरले. नवऱ्याला बायको फार दिवस देव वाटत नाही. मामंजी विसरले नाहीत. माझ्या हातचं पाणी ते दोन्ही हातांनी घ्यायला लागले. मी आत आले की उठून उभे राहायचे. 'पोरी' म्हणणं बंद झालं, 'माय' म्हणायला लागले, आणि तेही 'तुमी' लावून. मी भांडण काढून बघितलं, मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं. त्यांनी निमूट खाल्लं. शेवटी एक दिवस मी कालवडीला मध्ये न घेता, पदर सावरून त्यांच्यासमोर गेले आणि पहिल्यांदा सरळ बोलले, की मामंजी, ते सोंग होतं, माझ्या अंगात काही आलं नव्हतं, तुमचंच शिकवलेलं मी बोलले.

"तसंच आसंल, माय," असं म्हणून त्यांनी हात जोडले.

गुडघे जरा बरे झाल्यावर ते उताराकडं पुन्हा यायला लागले. पण आता मी पुढं आणि ते मागं, अनवाणी. पाण्याचा तांब्याही ते मला धरू देईनात. वाटेत काठीनं काही दाखवणं नाही, कुसळीची बाजू घेऊन बोलणं नाही. एका दुपारी जांभळीवर एक पाखरू येऊन बसलं. पाठ राखाडी, पोट पिवळसर, आणि आवाज असा गोड की मी थांबलेच. असलं मी तिथं कधी बघितलं नव्हतं. झाडं वाचली म्हणून ते आलं होतं, आणि मला इतका आनंद झाला की मी सगळं विसरून मागं वळले आणि विचारलं, मामंजी, ह्याचं नाव काय?

त्यांनी वर बघितलं. पाखरू त्यांच्या ओळखीचं होतं, ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग त्यांनी नजर खाली घातली.

"माय, तुमीच घडवलेलं पाखरू," ते म्हणाले. "तुमाला मी काय सांगू."

मी तिथंच एका दगडावर बसले आणि मोठ्यानं रडले. आधीचे मामंजी असते तर काठी आपटून म्हणाले असते, कड्याची पोर, रडतीस कावून? माझं रडणं संपेपर्यंत ते हात जोडून उभे राहिले.